ओला पारा

आयुक्त विश्वंभर रांगणेकर अकराव्या मिनिटाला आतून काचेवर थापा मारू लागले.

डॉ. शरयू मिराशीने घड्याळाकडे पाहिलं, वहीत 'अकरा' असा आकडा लिहिला, पेनाला टोपण लावलं आणि मगच उष्माकक्षाचं दार उघडलं. साहेब भिंतीला धरत बाहेर आले. शर्ट अंगाला चिकटला होता, तोंड लालबुंद झालं होतं आणि श्वास तर असा चालला होता, की जणू कुणी पाठीमागे लागलं आहे.

"आता शेजारच्या कक्षात," शरयू म्हणाली.

"अहो मॅडम, मरेन मी!"

"नाही मरणार. तेच तर दाखवायचंय."

शेजारच्या कक्षात साहेब चाळीस मिनिटं बसले. दोन बाटल्या पाणी प्यायले, वर्तमानपत्र चाळलं आणि शेवटी काचेतून खूण करून चहा मागवला. बाहेर आले तेव्हा त्यांचा शर्ट खडखडीत वाळलेला होता.

"पहिल्या खोलीचं तापमान किती होतं?" त्यांनी विचारलं. "पन्नास?"

"अडतीस. पन्नासच्या जवळ होती ती ही दुसरी. सत्तेचाळीस."

साहेबांनी दोन्ही दारांकडे आळीपाळीने पाहिलं. शरयूला ते पाहून आनंद झाला नाही, कारण तिला त्यांच्याकडून वेगळी अपेक्षाच नव्हती. जी गोष्ट आपल्या कातडीला कळत नाही ती अधिकाऱ्यांना कळत नाही, हे तिचं पंचवीस वर्षांच्या नोकरीतून झालेलं मत होतं. हेच सगळं, आणि म्हणून शहर वाळवंटात हलवावं हेही, तिने वर्षापूर्वी साठ पानांच्या अहवालात लिहून दिलं होतं. साहेबांच्या टेबलावर त्या अहवालावर पाण्याचा जग ठेवलेला तिने स्वतः पाहिला होता.

"साधा तापमापक घ्या," लहान मुलाला सांगावं तसं ती सांगू लागली. "त्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळा. फडकं वाळताना उष्णता घेऊन जातं, म्हणून पारा उतरतो. हवा कोरडी असेल तर भरपूर उतरतो. हवाच ओली असेल तर फडकं वाळत नाही आणि पारा जागेवरच राहतो. याला आम्ही ओला पारा म्हणतो. माणूसही तसाच, अंगावर घामाचं फडकं घेऊन फिरणारा. घाम वाळला तर तो जगतो. ओला पारा पस्तीसवर गेला की घाम नुसता गळतो, वाळत नाही. मग सावलीत बसा, पंखा लावा, हंडाभर पाणी प्या, धडधाकट माणूससुद्धा पाच-सहा तासांत संपतो. म्हातारी माणसं त्याच्या कितीतरी आधी."

"आणि आपल्या गंडकपुरात?"

"मागच्या उन्हाळ्यात चौतीस पूर्णांक सहा. अठ्ठावीसशे माणसं गेली, हे तरी आपल्या कानावर आलंच असेल."

साहेबांनी मान खाली घातली. खोलीत तिसरा माणूस होता तो आता पुढे झाला. दिनमणी झा हे गंडकपूरचेच, कालव्यांचे मुख्य अभियंता. पुण्यात शिकल्यामुळे मराठी बोलत, पण त्यांच्या मराठीत लिंगांचा कायम घोटाळा होई. शरयूला तो ऐकवत नसे.

"मिराशीबाई, एक शंका. नऊ लाख माणसं तुम्ही वाळवंटात नेणार. त्यांच्याबरोबर पाणीपण नेणार. तो पाणी शेवटी जाणार कुठे?"

"ते पाणी," शरयूने दुरुस्त केलं. "ते वाळेल, झाजी. वाळवंटात पाणी वाळतं. हे शाळेत शिकवतात."

रांगणेकरसाहेब हसले. त्यांना हसायला काहीतरी हवंच होतं. झासुद्धा थोडे हसले, पण जागचे हलले नाहीत.

"वाळून कुठे जाणार?"

"वाऱ्याबरोबर. तिथं वर्षाचे दहा महिने वारा असतो. झाजी, तुम्ही कालवे बघा. हवेचं मी बघते."

झांनी मान डोलावली. तो विषय तिथेच मिटला असं शरयूने गृहीत धरलं.

अशा रीतीने एक अख्खं शहर हलवायचं ठरलं आणि दोन हिवाळ्यांत ते खरोखरच हललं. गंडकपूर सोडताना लोक स्टेशनवर रडले. शरयूला त्यांच्या रडण्याचं नवल वाटलं. भिंतींवर बारा महिने बुरशी, कपाटातल्या चपलांवर हिरवट लव, फुगून बसलेली दारं, कधीच पुरती न वाळणारी अंथरुणं, यात रडण्यासारखं काय होतं? डबक्यातून काढलेला बेडूक डबक्यासाठीच ओरडतो, असं ती झांना म्हणाली. झांचं स्वतःचं घर त्याच शहरात चार पिढ्या होतं.

नवं शहर वसलं त्याचं नाव नवधोरा. वाळूच्या टेकड्यांमधल्या एका रुंद खोलगट मैदानात सरळ रस्ते, पांढऱ्या भिंतींची घरं आणि दूरच्या नदीचं पाणी आणणारा एक मोठा कालवा. पहिल्या उन्हाळ्यात पारा सत्तेचाळीसवर गेला आणि ओला पारा तेवीसवर राहिला. उष्म्याने एकही माणूस दगावला नाही. दोरीवर टाकलेली साडी दहा मिनिटांत कडक होई. शरयूचं नाव देशभर झालं. ती शहराची मुख्य हवाशास्त्रज्ञ झाली.

लोक मात्र कुरकुरत राहिले. ओठ फुटतात, मुलांच्या नाकातून रक्त येतं, ताटात वाळू येते. तक्रारींचे गठ्ठे तिच्याकडे येत आणि ती त्यांवर एकाच ओळीत उत्तर लिही, 'जिवंत आहात म्हणून तक्रार करता आहात.' ते उत्तर आयुक्तांना फार आवडलं, पण निवडून येणाऱ्यांना आवडलं नाही. म्हणून दुसऱ्या वर्षी शहराभोवती तीस फूट उंच वाळूभिंत उभी राहिली आणि भिंतीच्या आत झाडांच्या पाच रांगा लागल्या. मंजुरीच्या कागदावर शरयूची सही हवी होती. लोकांच्या नाकातली वाळू हा तिच्या दृष्टीने विज्ञानाचा विषयच नव्हता, त्यामुळे तिने कागद न वाचताच सही केली.

मग घरोघरी कूलर आले. गंडकपुरात कूलर म्हणजे शोभेची वस्तू होती, कारण ओल्या हवेत त्याची भिजवलेल्या गवताची ताटी वाळतच नसे. इथे मात्र तो जादू करी. कपाटाएवढे कूलर, खसाच्या ताट्या, दिवसाला दीडशे लिटर पाणी. पाठोपाठ परसात भोपळ्याचे वेल चढले, परवल लागले, कालव्याच्या कडेला भातखाचरंही दिसू लागली. संध्याकाळी बायका अंगणात पाणी शिंपीत. शरयू गाडीतून जाताना ते पाही आणि मान फिरवून घेई. या लोकांना वाचवता येतं, सुधारता येत नाही, असं ती म्हणे.

तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये झांच्या बायकोने, सुनयनाने, तिला जेवायला बोलावलं. सुनयना ठेंगणी, गोल चेहऱ्याची, सतत काहीतरी हातात असलेली बाई होती. पुण्यात आठ वर्षं काढल्यामुळे तिचं मराठी नवऱ्यापेक्षा चांगलं होतं. वाढता वाढता ती म्हणाली, "ताई, एक विचारू? गेल्या वर्षीपर्यंत मीठ कसं भुरभुर पडायचं. आता बरणीत गठ्ठा होतो. पापड तळून ठेवला की घटकेत मऊ. असं आमच्या गावी व्हायचं."

"झाकण नीट लावत जा," शरयू म्हणाली.

"लावते हो. पण..."

"सुनयनाबाई, माझ्याकडे बारा वेधयंत्रं आहेत. दर मिनिटाला मोजतात. सगळी सांगतात की हवा कोरडी आहे. मिठाच्या बरणीवर शास्त्र चालत नाही."

सुनयनाचा चेहरा उतरला. झा पानातल्या भाताकडे बघत म्हणाले, "यंत्रं कुठे बसवली आहेत, बाई?"

"जिथं बसवायला हवीत तिथं. इमारती आणि झाडांपासून दूर, उघड्या माळावर. नियमच आहे तसा."

"म्हणजे भिंतीच्या बाहेर."

"हो. बाहेर."

"आणि माणसं राहतात आत."

कालवे खोदणाऱ्या माणसाने शरयूला यंत्रं कुठे लावावीत हे शिकवावं, हे तिला इतकं हास्यास्पद वाटलं, की त्यावर विचार करण्याची गरजच तिला भासली नाही.

त्या उन्हाळ्यात शहराच्या चौकाचौकांत लावलेले तापमानाचे फलक सत्तेचाळीसऐवजी त्रेचाळीस दाखवू लागले. चौथ्या वर्षी एकेचाळीस. रांगणेकरसाहेबांना आभाळ ठेंगणं झालं. शंभराव्या कारंज्याच्या उद्घाटनाला ते म्हणाले, "निसर्गाने दिलेलं सहा अंशांचं ओझं आपण उतरवून ठेवलं आहे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावर बसलेल्या शरयूच्या अंगावरून घामाची धार वाहत होती. टाळ्या थांबेपर्यंत ती पाठीवरून कमरेपर्यंत आली, पण वाळली नाही. तिने रुमाल काढून मान पुसली. थोड्या वेळाने पुन्हा पुसली. मग ती तशीच उठली, भाषण चालू असतानाच पायऱ्या उतरली आणि गाडीतल्या पेटीतून हातात धरायचा जुना तापमापक काढून तिने त्याच्या टोकाला तोच ओला रुमाल गुंडाळला.

ओला पारा तेहेतीसवर थांबला.

तारीख होती सतरा मे. दुपारचे बारा वाजले होते आणि उन्हाळ्याचा खरा कडाका अजून दोन दिवसांवर होता.

कार्यालयात पोचेपर्यंत तिला सगळं उमगलं होतं, कारण उमगायला फारसं काही नव्हतंच. ऊन पूर्वीइतकंच पडत होतं. पूर्वी ते वाळू तापवी, तापलेली हवा उंच चढे आणि उष्णता आकाशात निघून जाई. आता तेच ऊन खाचरांतल्या, कुंड्यांतल्या, कारंज्यांतल्या, दोन लाख कूलरांतल्या पाण्याची वाफ करत होतं. ती वाफ भिंतीच्या आत, त्या वाडग्यात, जमिनीलगत साठत होती. फलकावरचा पारा उतरला तो उष्णता गेली म्हणून नव्हे, तर ती वाफेत लपून बसली म्हणून. आणि लपलेली उष्णता फलकाला दिसत नाही, माणसाच्या अंगालाच तेवढी कळते.

तिने झांना बोलावलं. त्यांना ती काही सांगू लागली, तर त्यांनी हात वर केला.

"काय करायचं तेवढं सांगा."

"कालवा बंद. कारंजी बंद. भिंतीला वाऱ्याच्या अंगाने जमतील तेवढी भगदाडं. आणि सगळे कूलर बंद."

"कालवा मी बंद करतो. कूलर लोकांना तुम्ही सांगा."

तिने सांगितलं. दोन दिवस ध्वनिक्षेपकांवरून तिचा आवाज गल्लीगल्लीत फिरला. कूलर बंद करा, तो तुम्हाला मारतो आहे. लोकांनी ऐकलं आणि दारं लावून कूलरसमोर बसले. जी बाई चार वर्षं त्यांना 'जिवंत आहात म्हणून तक्रार करता आहात' असं लिहून पाठवत होती, ती आता त्यांचा गारवाही काढून घ्यायला निघाली होती. कारंजी बंद करायला आयुक्तांनी नकार दिला. पाहुणे यायचे होते.

एकोणीस तारखेला दुपारी दोन वाजता शहराच्या मध्यभागी ओला पारा पस्तीसच्या वर गेला.

माणसं ओरडली नाहीत, धावली नाहीत. ती बसल्या जागी गप्प होत गेली. दवाखान्यांसमोर रिक्षा थांबत आणि रिक्षावालाच हँडलवर मान टाकी. झा तीन वाजता वीजकेंद्रात गेले, तिथल्या माणसांना बाजूला केलं आणि स्वतःच्या हाताने शहराची वीज तोडली. दोन लाख कूलर एकदम थांबले. साडेपाचला भिंतीला पाडलेल्या भगदाडांतून पहिला वारा आत आला आणि ओला पारा तेहेतीसच्या खाली उतरला. तोवर चार हजारांवर माणसं गेली होती.

त्यांत सुनयना होती. स्वयंपाकघरात खिडकीतल्या कूलरसमोर, पाटावर, भिंतीला टेकून. शरयू तिथे पोचली तेव्हा झा शेजारी जमिनीवर बसले होते. ते तिच्याकडे न पाहता म्हणाले, "मी सकाळी सांगून गेलो होतो, बंद ठेव. ती म्हणाली, मिराशीबाई पूर्वी म्हणायच्या की इथं काही होत नाही, आता म्हणतात होतंय. दोन्हीपैकी कोणती मिराशीबाई खरी?"

शरयू उंबऱ्याशी उभी राहिली. आत जायचं तिला धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयुक्तांच्या दालनात बैठक बसली. रांगणेकरसाहेबांचा आवाज अगदी बारीक झाला होता. झाही आले होते. कपड्यांवर अजून स्मशानातली राख होती. त्यांना घरी जा असं सांगायची कुणाची छाती झाली नाही.

"जमीन चार वर्षं भिजली आहे," शरयू म्हणाली. "ती वाळायला हा उन्हाळा पुरणार नाही. आज वारा आहे. वारा पडला की पुन्हा तेच. आठवड्याभरात सगळ्यांना हलवायला हवं."

"कुठे?" साहेबांनी विचारलं. "नऊ लाख माणसं मी कुठे ठेवू?"

"जिथं ओला पारा सगळ्यात कमी आहे तिथं. पाणी, रेल्वे आणि उभी घरं असलेली जागा हवी."

भिंतीवरच्या पडद्यावर उत्तर भारताच्या सगळ्या स्वयंचलित वेधयंत्रांचे आकडे उमटले. शरयूच्या हाताखालच्या शकुंतला मोरजकर या तरुण शास्त्रज्ञ बाईने ते ओल्या पाऱ्याप्रमाणे उतरत्या क्रमाने लावले आणि यादीच्या तळाशी आली.

"मॅडम, रेल्वे असलेल्या ठिकाणांत सगळ्यात कमी एकच आहे. पंचवीस पूर्णांक चार. पण यंत्र बिघडलं असणार."

"का?"

"ते गंडकपुरातलं आहे."

शरयूने स्वतः पुढे होऊन यंत्राची चार वर्षांची नोंद काढली. बिघाड नव्हता. पहिल्या उन्हाळ्यात तीस. दुसऱ्यात अठ्ठावीस. रेषा एकसारखी खाली येत होती. शेजारच्या जिल्ह्यांची रेषा मात्र होती तिथेच होती.

"माणसं गेली तेव्हा कालवे बंद केले," झा शांतपणे म्हणाले. "मीच केले. उन्हाळी भात गेलं, ऊस गेला. भोवतीची सगळी शेतं चार वर्षं पडीक आहेत. जमीन भेगाळली असेल."

"पण तिथला दमटपणा तर समुद्रावरून येतो ना?" साहेब म्हणाले. "मॅडमच्या अहवालात..." ते थांबले. अहवालात काय होतं ते त्यांना आजही ठाऊक नव्हतं.

"समुद्रावरून येतो तो जूनच्या शेवटी, ढगांबरोबर," शरयू म्हणाली. "मे महिन्यातला समुद्राचा नव्हता. शेतांचा होता. आपला होता. शहर ओलं नव्हतं, साहेब. आपण ओले होतो. आपण इथं आलो आणि दमटपणाही इथं आला."

साहेबांना तेवढ्यातलं जे हवं होतं ते बरोबर कळलं. त्यांच्या आवाजात पुन्हा जीव आला. "म्हणजे गंडकपूर सुरक्षित आहे! उत्तम. परतीची योजना जाहीर करू. लोकही खूश होतील, स्वतःच्या घरी जायला मिळणार. झाजी, तिकडचे कालवे किती दिवसांत सुरू करता येतील? खायला भात तर लागेल. आणि आता तिथली हवा कोरडी आहे म्हणता, मग कूलरही चालतील!"

शरयूने त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या नजरेने ती अशा माणसांकडे पाहत आली होती तीच नजर होती ती, पण या वेळी तिच्यात जोर नव्हता. या माणसाला काहीच कळत नव्हतं म्हणून त्याने चूक केली होती. तिला सगळं कळत होतं.

बैठक उठल्यावर व्हरांड्यात झांनी तिला गाठलं.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

तिला हिशेब करायला कागद लागला नाही. "साहेब सांगतात तसं लोक वागले तर तीन. फार तर चार."

"आणि मग?"

"मग पुन्हा इकडे. तोवर हे वाळलेलं असेल."

"आणि मग पुन्हा तिकडे." झांनी मान हलवली. "मी येत नाही, बाई. मी कालव्याचं गेट बंद करून इथंच राहतो. एका माणसाने हवा ओली होत नाही."

शरयू मात्र स्टेशनवर गेली. पहिली गाडी सकाळी साडेनऊची होती. फलाटावर ट्रंका, गाद्या, कपबशांच्या टोपल्या आणि प्रत्येक कुटुंबामागे कूलर. दोघांनी धरलेले, हातगाडीवर बांधलेले, ताट्या वेगळ्या काढून दोरीने आवळलेले. आयुक्तांनी कूलरांसाठी सहा जादा डबे जोडायला सांगितले होते. ती डब्यामागून डबे फिरत राहिली, लोकांना थांबवून सांगत राहिली, की हा नेऊ नका, याच्यामुळेच झालं सगळं. कुणी ऐकून घेतलं, कुणी तेवढंही नाही.

सातव्या डब्याशी एक म्हातारा आणि त्याची बायको मिळून एक पत्र्याचा कूलर वर चढवत होते. म्हाताऱ्याच्या दंडावर काळी फीत होती. शरयूने पुढे होऊन कूलरची कड दोन्ही हातांनी पकडली.

"आजोबा, ऐका माझं. हा खाली ठेवा. चार वर्षांनी तुमच्याच घरात..."

म्हातारा थांबला. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. समोरच्या माणसाला काही समजावण्यात अर्थ नाही हे एकदा ठरलं, की माणूस जसा पाहतो तसा तो पाहत होता.

"हात काढा, बाई," तो म्हणाला. मग बायकोकडे वळला. "तू वरून ओढ गं. हिला काय कळतंय."

तिने हात काढले. कूलर आत गेला आणि दार लागलं.